प्रेमपत्राखाली शिल्लक तीन पौंड

आमच्या घरची राणी आठवड्यातून दोनदाच दाढी करते. एरवी ती पायजम्यावर स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून राज्य करते, चहात बिस्किट बुडवते, आणि बिस्किट तुटून तळाशी गेलं की गोदीवरच्या शिव्या देते. राणीचं खरं नाव डेरिक ब्रॅकनबरी. म्हणजे माझा बाबा.

हे सांगितलं की लोक एक पाऊल मागे सरकतात, म्हणून आधी धंदा सांगते.

बाबा टपालाने खेळ चालवतो. खेळाचं नाव ‘काळ्या खाडीचे राजे’. खेळात चाळीस राज्यं, प्रत्येक खेळाडूला एकेक. दर पंधरा दिवसांनी खेळाडूने आपली चाल कागदावर लिहून आमच्या पत्त्यावर पाठवायची. सैन्य इकडे न्या, जहाजं तिकडे, प्रधानाला तुरुंगात टाका, असं काहीबाही. बाबा सगळ्या चाली वाचतो, भिंतीवरच्या नकाशात टाचण्या हलवतो, फासे टाकतो आणि कुणाचं काय झालं ते ज्याचं त्याला लिहून पाठवतो. एका चालीचे दीड पौंड. खेळाडूंना एकमेकांची खरी नावं कळत नाहीत, त्यांची आपसातली पत्रंसुद्धा आमच्यामार्फतच जातात. त्यामुळे क्लीथॉर्प्समधल्या आमच्या एवढ्याशा घरात जितकी कारस्थानं येऊन पडतात तितकी लंडनच्या पार्लमेंटातही पडत नसतील.

ग्रिम्सबीच्या गोदीतली नोकरी गेली तेव्हा हातात आलेल्या पैशांतून बाबाने हे सुरू केलं. आईला त्या पैशांत बैठकीच्या खोलीसाठी गालिचा हवा होता. तिला प्रती काढायचं सायक्लोस्टाइलचं यंत्र मिळालं. ते गालिच्याच्याच जागी ठेवलंय आणि आई त्याला अजूनही वळसा घालून जाते.

या धंद्यातली गंमत अशी की पहिल्या तीन चाली फुकट. हे बाबाचं आमिष. तिसऱ्या चालीपर्यंत सगळेच सिकंदर. चौथीला दीड पौंड मागितला की एकाची परीक्षा निघते, दुसऱ्याची बायको निघते आणि तिसरा तर मेलाच असं त्याच्याच अक्षरात कळवतो. गेले तर गेले, पण राज्य मागे राहतं ना. शेजाऱ्याला लढायला कुणी उरत नाही, मग तोही कंटाळून जातो, मग त्याचा शेजारी. स्वेटरचा एक टाका सुटावा तसं. म्हणून सुटलेले टाके बाबा स्वतःच धरून बसतो. चाळीसपैकी दहा राजे म्हणजे गुपचूप बाबाच. त्यातले नऊ नुसते नावाला असतात, किल्ल्यात बसून खोकतात.

दहावी राणी व्हर्मिला.

व्हर्मिला मुळात ट्रुरोच्या एका बाईंची. तीन फुकट चाली खेळून बाई अंतर्धान पावल्या. पण तोवर उत्तरेच्या राजा गॉर्मने तिला एक अदबशीर पत्र लिहिलं होतं, आणि उत्तर न देणं बाबाला उद्धटपणाचं वाटलं. त्याला आता सात महिने झाले. व्हर्मिलासाठी बाबाकडे जांभळी शाई आहे, डावीकडे कलणारं वेगळं अक्षर आहे, आणि तिची पत्रं लिहिताना तो रेडिओ बंद करतो. माझ्या शाळेच्या निकालावर सही करतानाही त्याने कधी रेडिओ बंद केला नाही.

राजा गॉर्म म्हणजे मिस्टर एल्विन डॅकर, पेनरिथचे दंतवैद्य. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांनी आपले नऊ मित्र खेळात आणले होते, आणि दहाही जणांचे पैसे कधी थकले नाहीत.

मार्चमध्ये मला वाणिज्यात वर्गात पहिला नंबर मिळाला. त्याआधी मी फक्त उंचीत पहिली होते. ओल्डरॉइड बाईंनी माझी वही वर्गाला दाखवली, आणि मला एकदम वाटलं की जगातल्या सगळ्या वस्तूंवर किमतीची चिठ्ठी असते आणि ती मला एकटीलाच दिसते. घरी येऊन मी दप्तर टाकलं आणि बाबाचा धंदा तपासायला घेतला. त्याने बोलावलं नव्हतं.

“बाबा, तुला तासाला किती सुटतात, माहितीये?”

“समाधान,” बाबा म्हणाला.

“नव्वद पेन्स. पंधरा दिवसांत पंचेचाळीस पौंड येतात. तिकिटं, पाकिटं, कागद, शाई वजा केली की एकोणचाळीस. आणि तू घालतोस त्रेचाळीस तास. मी चौपाटीवर डोनट विकते त्याचा मला तासाला सव्वा पौंड मिळतो. आणि डोक्यावर कागदी टोपी असते, बाबा. तरीसुद्धा.”

“तू त्या डोनटांना नावं देतेस का? त्यांच्या घराण्याचा इतिहास सांगतेस?”

“नाही.”

“मग.”

आई आरशासमोर केसांतले रोलर काढत होती. ती बिंगो हॉलमध्ये आकडे पुकारते, त्यामुळे ती घरात हळू बोलली तरी शेजारच्या घरात कुणीतरी मान हलवतं.

“नव्वद पेन्स,” आई म्हणाली. “ऐकलंस, डेरिक? पोरीने हिशेब केला म्हणून मला कळलं. मी समजत होते साठ.”

“पॉलीन, धंदा रुळायला वेळ लागतो.”

“कीथकडे पट्ट्यावर एक जागा आहे. तासाला पावणेतीन. टोपी तिथेही देतात.”

कीथमामा फिश फिंगरच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर मुकादम आहे. त्याच्याकडे कायम कुठे ना कुठे एक जागा असते आणि ती कायम माझ्या बाबाच्या मापाची असते.

“जूनअखेर,” आई म्हणाली. “आठवड्याला पन्नास पौंड या टेबलावर आले पाहिजेत. नाहीतर सोमवारी सकाळी सहाला तू फिश फिंगर मोजायला जा.”

“फिश फिंगर माणसं मोजत नाहीत. यंत्र मोजतं.”

“मग यंत्राला सोबत कर.”

आई गेली. बाबा नकाशाकडे बघत बसला. मला हसू येत होतं, पण पूर्ण आलं नाही. कारण गोदी बंद झाल्यावर बाबा आठ आठवडे त्या खिडकीशी बसून होता. दूध आलं का, पोस्टमन गेला का, एवढंच सांगायचा. मग एक दिवस त्याने तिथेच बसून एक नकाशा काढला, खाडी काढली, बेटं काढली, आणि त्यानंतर तो पोस्टमनची वाट बघायला लागला ती स्वतःसाठी. तो पट्ट्यावर गेला तर पुन्हा कुठल्या खिडकीशी बसेल ते मला नको होतं. ओल्डरॉइड बाईंच्या पुस्तकात हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते दिलेलं नाही.

म्हणून मी दरपत्रक केलं.

“दीड पौंडात पाच हुकूम,” मी सांगितलं. “सहाव्यापासून प्रत्येक हुकमाला वीस पेन्स. हेर पाठवायचा तर पन्नास. विषप्रयोग एक पौंड.”

“विषाला पौंड?”

“विषाचं वर्णन करायला तुला पाऊण पान लागतं. तलवारीचा वार एका ओळीत उरकतोस. म्हणून वार वीस पेन्स.”

“अगं, गरिबांनी मग विष घालायचंच नाही का?”

“आणि एका खेळाडूला एकच पान उत्तर. तीन नाहीत. लीड्सच्या त्या पोराला तू त्याच्या घोड्याच्या आजारपणावर दीड पान लिहिलंयस.”

“घोडा मरत होता, जनीन.”

“दीड पौंडात घोडा तीन ओळींत मरतो.”

“मी गोष्ट सांगतो. पावत्या फाडत नाही.”

“फाडत नाहीस, तेच तर दुखणं आहे.”

शेवटी त्याने मानलं, कारण कीथमामाने त्याच संध्याकाळी एक पांढरी टोपी ‘सहज मापाला’ म्हणून पाठवून दिली. दरपत्रक सायक्लोस्टाइलवर निघालं आणि तीस पाकिटांत गेलं. मला वाटलं आता पैशांचा पाऊस. मेअखेर मोजले तर एकसष्ट पौंड. आईला पंधरा दिवसांचे शंभर हवे होते. लोकांना सहावा हुकूम द्यायचाच नव्हता. पाचही द्यायचे नव्हते. ‘सैन्य जागेवर ठेवा, पीक कापा, मित्रांना नमस्कार’, अशा चाली येत होत्या. एवढे आळशी राजे मी इतिहासाच्या पुस्तकातही पाहिले नव्हते.

आणि मग पेनरिथहून पाकीट आलं. राजा गॉर्मने व्हर्मिलाला मागणी घातली होती.

मी ते पत्र वाचलं आणि सरळ खुर्चीवर उभी राहिले.

“लग्न,” मी म्हणाले. “बाबा, लग्न लावायचं. एकोणतीस जणांना आमंत्रण. मांडवात जागा पन्नास पेन्स. आहेर पन्नास. पहिल्या रांगेत जागा पाऊण पौंड. कुणाला भर मेजवानीत कुणाचा काटा काढायचा असेल तर विषाचा दर आहेच. लग्नात विष नेहमी चालतं. हे बघ, पन्नास-साठ पौंड कुठेच गेले नाहीत.”

“नाही,” बाबा म्हणाला.

“का?”

“त्या माणसाला वाटतं पलीकडे कुणीतरी आहे.”

“आहे की. तू आहेस.”

“मी म्हणजे कुणीतरी नव्हे. मी पंच.” त्याने पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. “उत्तर देत राहणं वेगळं. पैसे घेऊन नवरी म्हणून उभं राहणं वेगळं.”

“मग टोपी घाल.”

हे मी जरा चढ्या सुरात बोलले. टोपी दारामागच्या खुंटीवरच होती. बाबाने तिच्याकडे पाहिलं, मग रेडिओ बंद केला आणि जांभळ्या शाईचं टोपण काढलं. मी त्याला एकटं सोडून मासे आणि चिप्स आणायला गेले. परत आले तेव्हा पाकीट बंद करून तयार होतं, आणि बाबा हात धूत होता. शाई निघत नव्हती.

पुढच्या चालीची मुदत शुक्रवार, तेरा जून. बाकी सगळ्यांची पाकिटं आली. पेनरिथहून आलं नाही. डॅकरांच्या नऊ मित्रांपैकी एकाचंही आलं नाही. बाबा पोस्टमनच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि चपला घालायला विसरल्यामुळे तिथूनच परत आला.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात एक उंच, सडपातळ माणूस. टाय, घडीचा रेनकोट, आणि मी “काय हवंय?” म्हणाले तेव्हा त्याची नजर माझ्या डोळ्यांऐवजी माझ्या दातांवर गेली. तेवढ्यावरूनच मी ओळखलं.

“मी डॅकर,” ते म्हणाले. “ब्रॅकनबरी इथेच राहतात ना? मी पहाटे निघालोय. चहा असला तर नाही म्हणणार नाही.”

बाबा पायजम्यावर होता. आईच्या डोक्याला रोलर होते. मिस्टर डॅकर यंत्राला वळसा घालून आत आले, टेबलाशी बसले आणि त्यांनी खिशातून एक कागद काढून बशीशेजारी ठेवला. जांभळी शाई.

“शेवटच्या ओळी वाचता का?” ते बाबाला म्हणाले. “मोठ्याने.”

बाबाने वाचलं. “‘तुमच्या उत्तरेच्या बर्फासारखं माझं मनही हळूहळू सुटतं आहे. माझा होकार ऐकायला पुढल्या पौर्णिमेपर्यंत धीर धरा. तुमचीच, व्हर्मिला.’”

“त्याच्या खाली.”

मी बाबाच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. सहीच्या बरोब्बर खाली, त्याच जांभळ्या शाईत, त्याच डावीकडे कललेल्या नाजूक अक्षरात लिहिलं होतं: ‘शिल्लक तीन पौंड. पुढची चाल शुक्रवार, तेरा तारखेपर्यंत.’

बाबाच्या हाताला ती सवयच जडली होती. खेळाडू पैसे आगाऊ भरतात, म्हणून कागद संपला की खाली ज्याची त्याची शिल्लक. नाताळात आत्याला पाठवलेल्या कार्डावर त्याने तिची शिल्लक शून्य लिहिली होती, आणि आत्या अजून फोन घेत नाही.

आई मागे वळून किटलीशी खुडबुड करायला लागली. तिचे खांदे हलत होते.

“मी खुळा नाही हो,” मिस्टर डॅकर म्हणाले. “राणीच्या मागे बाईच असेल असं मी धरून चाललो नव्हतो. वुल्व्हरहॅम्प्टनचा एखादा दाढीवाला प्लंबर असला तरी माझी हरकत नव्हती. पण तो खेळाडू असेल असं मला वाटलं होतं. माझ्यासारखा दीड पौंड भरणारा. हरला तर हरणारा. इथे पंचच बॅट घेऊन उभा.”

“मी तिला कधी झुकतं माप दिलं नाही,” बाबा म्हणाला.

“नसेलही. पण माझी पत्रं तुमच्याकडे, तिची पत्रं तुम्हीच, फासे तुमच्या हातात. सात महिने मी आरशाशी बोलत होतो, आणि आरसा मला बिल पाठवत होता.”

यावर मला बोलता आलं असतं, पण बाबाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

“ती मला विका,” मिस्टर डॅकर म्हणाले.

“काय?”

“व्हर्मिला. दोन्ही राज्यं मी चालवतो. दोन्हीचे दर भरतो, वर दहा पौंड वेगळे. लग्न काय ते मी लावून घेईन.”

मी मनातल्या मनात गुणाकार करत होते. बाबाने मान हलवली.

“नाही. तुम्ही तिला चार दिवसांत होकार द्यायला लावाल.”

“मग? तुम्ही पौर्णिमेला देणारच होतात.”

“नव्हतो,” बाबा म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. “लिहिलं खरं. पण तिने दिला नसता. गेले दहा दिवस मी तिचं पुढलं पत्र लिहायला बसतोय आणि ती नाहीच म्हणते.”

आई किटली हातात घेऊन वळली. बाबा घरात असा बोलत नाही. गोदी बंद झाली तेव्हासुद्धा त्याने फक्त ‘बरं’ म्हटलं होतं.

“मग माझे तीन पौंड परत द्या,” मिस्टर डॅकर म्हणाले. “मी खेळ सोडतो. माझे मित्रही सोडतील. खरं सांगू का, ते तसेही कंटाळलेत. माझं प्रेमप्रकरण मिटेपर्यंत त्यांनी लढायचं नाही असा आमचा करार होता. सात महिने बिचारे पीक कापतायत. एकाने तर मेंढ्यांची नावं ठेवायला घेतलीत.”

तीसमधून दहा गेले की धंदा मेला. जूनअखेरपर्यंतही थांबायची गरज नाही, कीथमामाची टोपी आजच. मला ते स्पष्ट दिसत होतं. आणि त्याच वेळी मला दुसरंही दिसलं, जे दरपत्रक करताना दिसलं नव्हतं. सहावा हुकूम कुणी का देत नव्हतं? कारण सगळीकडे शांतता होती. शांततेत माणूस पीक कापतो आणि दीड पौंडात भागवतो. लग्न एकदाच होतं. त्यानंतर अख्खी उत्तर कायमची सुखात नांदली असती, आणि आम्ही पट्ट्यावर गेलो असतो. मी धंदा वाचवायला निघाले होते ती त्याचं बाराव्याचं जेवण घालून.

“राणी मी घेते,” मी म्हणाले.

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

“दीड पौंड भरून. माझ्या डोनटच्या पैशांतून. बाबा फक्त पंच.”

“तू किती वर्षांची?” मिस्टर डॅकरांनी विचारलं.

“पंधरा. आणि तुमच्या मागणीला माझा नकार आहे.”

“कारण कळेल?”

“तुमच्याकडे नऊ मित्र आहेत आणि एकही धड बंदर नाही. माझ्याकडे मित्र नाही, पण तीन बंदरं आहेत. लग्न झालं की तुम्हाला बंदरं मिळणार आणि मला तुमचे नऊ मित्र जेवायला. यात माझा फायदा कुठला?”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “व्हर्मिला असं कधी बोलली नव्हती.”

“तिला बोलू दिलं नव्हतं. तुमची धान्याची सहा जहाजं हिवाळ्यापासून माझ्या बंदरात उभी आहेत. प्रेमापोटी फुकट. ती मी जप्त करतेय.”

“जप्त?” मिस्टर डॅकर हळूच म्हणाले. “अगं, ते माझं अख्ख्या वर्षाचं धान्य आहे.”

“भाडं थकलं होतं.”

ते काही वेळ माझ्याकडे बघत राहिले. माझ्या दातांकडे नाही. मग त्यांनी आतल्या खिशातून पेन काढलं आणि बाबाकडे हात पुढे केला. “चालीचा कागद आहे का एखादा? दोन द्या. पाच हुकमांत हे मावायचं नाही.”

बाबा उठला, पण आई मध्ये पडली.

“थांबा. ती पंचाची मुलगी आहे. उद्या तुम्ही हरलात की म्हणाल, बापाने फासे फिरवले. आणि पाकिटं तीच फोडते. तुमचा कागद तुमच्या आधी तिला पाठ होईल.”

“मी नाही बघणार,” मी म्हणाले.

“तू बघशील,” आई म्हणाली. “तू माझी मुलगी आहेस.”

“बाई बरोबर बोलतायत,” मिस्टर डॅकर म्हणाले.

मग आमच्या स्वयंपाकघरात तह झाला. पाकिटं यापुढे आई फोडणार आणि फासेही तीच टाकणार, कारण बिंगो हॉलमध्ये तिने एकदा सख्ख्या बहिणीचासुद्धा आकडा पुकारला नव्हता, तो बाहेर पडलाच नव्हता म्हणून. माझी चाल इतरांसारखीच टपालातून येणार, तिकीट लावून, मुदतीच्या आत. बाबा मला घरात खेळाबद्दल एक अक्षर सांगणार नाही आणि मीही विचारणार नाही.

“ही तुझ्याच घरात राहून घराला पत्र पाठवणार,” आई बाबाला म्हणाली. “आणि लोक मला विचारतात, तुझा नवरा काय करतो.”

मिस्टर डॅकरांनी हाताचा आडोसा करून दोन कागद भरले, मी पाहू नये म्हणून. अकरा हुकूम, तीन हेर. मग पाच चालींचा आगाऊ चेक लिहिला. निघताना ते बाबाला म्हणाले, “मित्रांना मी आज रात्रीच फोन करतो. ते फार खूश होतील. आणि ब्रॅकनबरी, तुमची वरची डावी दाढ बघून घ्या. एका पानाची मर्यादा मात्र काढा. माझ्या सैन्याचे हाल मला तीन ओळींत नकोत.”

“जादा पानाला चाळीस पेन्स,” मी म्हणाले.

“मान्य.”

दार लागलं. बाबा टेबलाशी उभा होता. त्याने जांभळ्या शाईची दौत उचलली, उजेडात धरून किती उरलीय ते पाहिलं.

“ही हवी का तुला?”

“नको. माझं बॉलपेन बरं.”

“तिचं अक्षर डावीकडे कलतं.”

“आता सरळ झालंय.”

त्याने मान हलवली आणि दौत खिडकीत ठेवली. त्याला वाईट वाटलं होतं. मी त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

युद्ध पंधरा दिवसांत सगळ्या खाडीत पसरलं. गॉर्मचे नऊ मित्र माझ्यावर आले, ते निघाले म्हणून त्यांची घरं मोकळी दिसली आणि दक्षिणेचे राजे त्यांच्यावर गेले. मेंढ्यांची नावं ठेवणाऱ्याने तर सतरा हुकूम पाठवले. सात महिने कोंडलेला माणूस तो. बाबा पहाटे उठून लढाया लिहायला लागला, पानामागून पान, आणि प्रत्येक पानाचे चाळीस पेन्स येत होते म्हणून त्याला कुणी थांबवत नव्हतं. लीड्सच्या पोराने नवीन घोडा घेतला. बाबाने खोकणारे दोन राजे जाहिरात देऊन नव्या खेळाडूंना दिले, आणि त्या दोघांनी चौथ्या चालीचे पैसे मागायच्या आधीच भरले, कारण लढाई अर्धवट सोडून कोण जातं.

जूनच्या शेवटच्या शनिवारी आईने टेबलावर नोटा आणि नाणी लावली. एकशे अठरा पौंड. तिने दोनदा मोजले. मग तिने दारामागची टोपी काढली, फोनपाशी गेली आणि कीथमामाला म्हणाली, “तुझ्या पट्ट्यावर दुसरं डोकं बघ. हो. नाही, बरा आहे. कामात आहे.” शेजारच्या घरात कुणीतरी टाळी वाजवल्यासारखं मला वाटलं, पण ते दारही असेल.

जुलैची चाल मी फार मन लावून लिहिली. गॉर्म पश्चिमेकडून येणार हे मी ताडलं होतं, तिथे सगळी जहाजं दडवली, दोन हेर, एक विष. पाकिटावर आमचाच पत्ता घातला आणि बारा पेन्सचं तिकीट लावून बुधवारी चौकातल्या पेटीत टाकलं. सतरा पेन्सवालं लवकर जातं, पण चौकातून आमच्या दारापर्यंत पत्र नेण्यासाठी पाच पेन्स जास्त कोण देईल? चालत गेलं तर दोन मिनिटं लागत नाहीत.

ते पाकीट आधी ग्रिम्सबीला गेलं. तिथे काय केलं कोण जाणे. शनिवारी सकाळी ते आमच्या पायपुसण्यावर पडलं. आईने उचललं, शिक्का बघितला आणि न फोडता बाबाला दिलं.

“मुदत शुक्रवारची होती,” बाबा म्हणाला.

“बाबा, मी याच घरात होते. शुक्रवारी संध्याकाळी तुझ्यासमोर बसून वाटाणे खाल्ले.”

“वाटाण्यांबरोबर चाल आली नव्हती.”

“तुला माहीत होतं की मी ती पाठवलीय.”

“मला काही माहीत नसतं. मी पंच आहे.” त्याने पाकीट पुढच्या चालीच्या गठ्ठ्यात टाकलं. “राणी व्हर्मिला या पंधरवड्यात काहीच करत नाही. जागेवर बसून आहे. पॉलीन, फासे टाक.”

आईने फासे टाकले. दोघांनी नकाशाकडे बघितलं. आईने “अरेरे” म्हटलं, अगदी बिंगो हॉलच्या आवाजात. बाबाने पश्चिमेच्या बंदरातली माझी टाचणी काढली, मग दुसरीही काढली, आणि नवीन कागद ओढून लिहायला बसला.

“किती जहाजं गेली?” मी विचारलं.

“टपालाने कळेल.”

“बाबा.”

“तीन पानं होतील असं दिसतंय,” तो म्हणाला. तो आनंदात होता, आणि त्याने ते लपवायचाही प्रयत्न केला नाही. “जाळपोळ आहे. दोन पानं तुझी जादा धरतो.”

मी डोनटच्या पैशांचा डबा घेतला, ऐंशी पेन्स टेबलावर ठेवले, आणि पोस्ट ऑफिस बंद व्हायच्या आत सतरा पेन्सवाली तिकिटं आणायला निघाले.